दर्शनीय स्थळ क्रमांक पाच

सेवास्तीने बर्फपेटीचं झाकण उघडलं, तोंडाने श्वास घेतला आणि दोन बोटांच्या चिमटीत ऑक्टोपस वर उचलला. त्याची एक भुजा पेटीतच राहिली. ती तिने वेगळी काढली आणि बाकीच्या सात भुजांमध्ये खुपसून ठेवली, म्हणजे लांबून कळणार नाही. हाताला लागलेला चिकट बुळबुळीत थर तिने खडकावर पुसला. तो निघाला नाही.

आज त्याचा तिसरा दिवस होता. सकाळी बर्फातून बाहेर, तीनदा खडकावर, दुपारी पुन्हा बर्फात. पहिल्या दिवशी त्याला फक्त समुद्राचा वास येतो. दुसऱ्या दिवशी जुन्या फडक्याचा. तिसऱ्या दिवशीच्या वासाला तिने शिकलेल्या सागरी जीवशास्त्रात नाव होतं, ते रेणूही तिला कागदावर काढून दाखवता आले असते. पण नाव ठाऊक असल्याने वास काही कमी होत नाही.

"कसा आहे?" खालून लिनार्दोसने विचारलं. पाण्यात घोट्यापर्यंत पाय सोडून तो बसला होता. अंगात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा, डोक्यावर गवती टोपी. दोन्ही नगरपालिकेने दिलेली. अठ्ठेचाळीस वर्षं त्याने मासेमारी केली, त्यात असला सदरा एकदाही घातला नव्हता.

"मेलेला," सेवास्ती म्हणाली.

"आला तेव्हाही मेलेलाच होता. तुझ्याइतका शिकलो नसलो, तरी एवढं कळतं मला."

"बाबा, उद्या नको ना येऊस. सांग पोटात दुखतंय म्हणून."

"दुखतंयच की," तो म्हणाला आणि हसला. "म्हणून काय झालं?"

उद्या चौदा ऑगस्ट. पंधराला पानागियाचा, म्हणजे देवमातेचा सण. स्तेर्नूसा बेटाची हिवाळ्यातली वस्ती एकशे नव्वद. सणाला ती हजारावर जाते. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून, मेलबर्नहून, जर्मनीतून सगळी आपली माणसं उतरतात, आणि ती चौदा तारखेला सकाळी अकराच्या बोटीनेच येतात. पर्यटक येतात त्याच बोटीने. पर्यटकांनी बाबाला बघितलं तर सेवास्तीला त्याचं काही नव्हतं. ती माणसं चार तासांनी जातात आणि कुणाचं तोंड कुणाच्या लक्षात राहत नाही. पण उद्या इसिदोरोस येणार होता. बाबाच्या होडीवर बावीस वर्षं वल्ह्याला वल्हं लावलेला. त्याच्या आणि सगळ्या बेटाच्या देखत बाबा मोरोक्कोच्या समुद्रात पकडलेला, गोठवून खोक्यातून आलेला ऑक्टोपस खडकावर आपटणार होता. हे होऊ द्यायचं नाही, एवढं तिने जुलैपासून ठरवलं होतं. उरला होता एक दिवस.

बोटीचा भोंगा वाजला. तिने हात पँटला पुसले आणि धक्क्याकडे निघाली.

नगरपालिकेने छापलेल्या पत्रकात बेटाची पाच दर्शनीय स्थळं होती. एक, बंदर. दोन, तीन पवनचक्क्या. त्यातली मधली सहा वर्षांपूर्वी सिमेंटची बांधलेली. तीन, व्हेनिसवाल्यांचा किल्ला. त्याच्या दोन भिंती आणि अंजिराचं एक झाड शिल्लक आहे. चार, पावसाचं पाणी साठवायची भूमिगत टाकी. आणि पाच, 'पारंपरिक मच्छीमार'. पाचव्याला नाव नव्हतं. पत्रक नगरपालिकेची गाइड म्हणून सेवास्तीनेच लिहिलं होतं. क्षेत्रफळ अकरा चौरस किलोमीटर, खडक शिस्ट आणि संगमरवर, झरा एकही नाही, हे तिने स्वतः तपासून घातलं होतं. पाचवा मुद्दा उपनगराध्यक्ष पेरिक्लीसने तिला सांगून लिहून घेतला.

शंभरेक माणसं तिच्या मागून खडकापर्यंत आली. उन्हात तापलेल्या त्यांच्या अंगांना नारळाच्या मलमाचा गोड वास येत होता, तो समोरून येणाऱ्या वासात मिसळला. दोन्ही मिळून जे झालं ते घशाशी आलं. सेवास्तीने तरी बोलायला सुरुवात केली.

"या बेटावर माती कमी, पाणी त्याहून कमी. त्यामुळे इथली माणसं समुद्रावर जगली. आता तुम्ही बघणार आहात आमचा मच्छीमार. आज पहाटेच पकडलेला ऑक्टोपस तो मऊ करतोय. चाळीस वेळा आपटायचा, हा इथला नियम."

लिनार्दोसने हात उंचावला आणि आपटलं. फचक.

ताज्या ऑक्टोपसचा आवाज वेगळा असतो. ओल्या चामड्याचा पट्टा मारल्यासारखा, कोरडा आणि भरीव. ताज्याचे स्नायू आवळलेले असतात, म्हणून तर आपटायचं. बर्फात गोठलेल्याचे तंतू आधीच फाटलेले असतात. त्याला आपटायची गरजच नसते, आपटला तर त्याचा लगदा होतो. हे तिने पहिल्याच आठवड्यात पेरिक्लीसला समजावून सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "त्यांना कुठे चावायचाय तो? त्यांना फोटो काढायचाय."

फचक. फचक. खडकावर करडा फेस पसरला. पुढच्या ओळीतल्या बाईने एका हाताने पत्रक नाकाशी धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने फोन. बाराव्या की तेराव्या फटक्याला कसलासा तुकडा उडाला आणि तिच्या चपलेवर पडला. ती किंचाळली, मग सगळे हसले. एक लालबुंद पाठीचा माणूस पुढे आला, त्याने लिनार्दोसच्या हातातून ऑक्टोपस घेतला आणि टोपीसारखा डोक्यावर ठेवला. भुजा त्याच्या कानांवरून लोंबल्या. एक थेंब त्याच्या गालावरून ओघळत तोंडाच्या कोपऱ्याशी गेला, तो त्याने जिभेने पुसला. बायकोने फोटो काढला. लिनार्दोस शेजारी उभा राहून हसत होता. दात दाखवून, शिकवल्यासारखं.

चाळीस पूर्ण होईपर्यंत सेवास्ती समुद्राकडे बघत राहिली.

"तुम्ही त्यांना ओळखता?" परत जाताना एका म्हाताऱ्या बाईने विचारलं.

"इथे सगळेच सगळ्यांना ओळखतात," सेवास्ती म्हणाली.

दुपारी ती पेरिक्लीसच्या कचेरीत गेली. तो टेबलावर पाय ठेवून कलिंगड खात होता आणि बिया मुठीत थुंकत होता.

"दोन दिवस," ती म्हणाली. "चौदा आणि पंधरा. दोनच दिवस त्यांना सुट्टी द्या."

"सेवास्ती, अगं त्याच दोन दिवसांत गर्दी असते. लग्नाच्या दिवशी नवऱ्याला सुट्टी द्यायची का?"

"आपली माणसं बघणार."

"बघू देत की! मुलाबाळांना दाखवतील, आजोबा असंच करायचे म्हणून. त्यात लाज कसली? चोरी करतोय का तो?" त्याने मुठीतल्या बिया कागदावर झाडल्या. "वासाबद्दल म्हणशील तर तक्रारी माझ्याकडेही आल्यात. आपण झोपा काढत नाही इथे. हे बघ."

त्याने टेबलाखालून एक खोकं वर काढलं. आत प्लास्टिकच्या वेष्टनात ऑक्टोपस होता. रबराचा. रंग जवळजवळ बरोबर, खाली राखी, वर तपकिरी ठिपके. प्रत्येक भुजेवर चिकटून धरायच्या वाट्यांची एकच रांग. खऱ्याला दोन असतात. सेवास्तीचे डोळे आधी तिथेच गेले आणि तेवढ्यासाठीही तिला स्वतःची किळस आली.

"अथेन्समध्ये नाटकाचं सामान बनवतात त्यांच्याकडून मागवलाय," पेरिक्लीस म्हणाला. "पाण्यात भिजवला की चकाकतो. वजन बघ, अगदी खऱ्यासारखं. उद्यापासून हा. तू दे बापाला, तुझं ऐकेल तो."

"मी नाही देणार."

"का?"

"त्याने आयुष्यभर खरे पकडलेत."

"आणि आता खरे कुठे आपटतोय? हा निदान सडत नाही."

"तुम्हीच द्या," ती म्हणाली आणि खोक्याला हात न लावता बाहेर पडली. जिन्यात तिला ओकारी आली. पोटात काही नव्हतं, म्हणून नुसतं पाणी पडलं. सडका ऑक्टोपस वाईट होता, पण तो कधीतरी जिवंत होता. दगडाच्या कपारीत शिंपल्यांचा ढीग करून बसलेला. बाबाच्या हातात बाहुलं देणं तिला जमणार नव्हतं.

धक्क्यावर मारुसोमावशी खाणावळीच्या खुर्च्या धूत होती. सत्तरीची बाई, पण बादली अशी फेकायची की समोरच्याने बाजूला व्हावं.

"तोंड बघ तुझं," ती म्हणाली. "उपासाने उतरलंय की पेरिक्लीसने?"

"पेरिक्लीसने."

"त्याच्याने दूध पण फाटतं. बस. हरभरे खा थोडे."

ऑगस्टचे पहिले चौदा दिवस उपासाचे. मांस नाही, मासे नाहीत, दूध-अंडी नाहीत. ऑक्टोपस चालतो, कारण त्याला रक्त नसतं अशी समजूत आहे. त्याला रक्त असतं, निळं असतं, आणि ते तीन हृदयांतून फिरतं. हे सेवास्तीने पहिल्या वर्षी सुट्टीला आल्यावर घरी सांगितलं होतं. "कुणाला सांगू नकोस, उपास मोडतील सगळ्यांचे," एवढंच बाबा म्हणाला होता.

"तुझ्या बापाला सांग," मारुसोमावशी खुर्ची उलटी करत म्हणाली, "माझ्याकडचा व्हिनेगर संपलाय. पंधरा दिवसांत तीन बाटल्या नेल्यान् त्याने. आंघोळ करतो काय त्याने?"

"व्हिनेगर?"

"मग काय. तो घाण वास काय नुसत्या पाण्यात उकळून जातो? मी म्हटलं, लिनार्दो, मांजराला घाल. माझं मांजर तर हुंगून चालतं झालं. तर म्हणे, मांजराने आपटलाय का?" ती थांबली. सेवास्तीचा चमचा बशीत तसाच राहिला होता. "अगं, तुला ठाऊक नाही?"

सेवास्ती उठली.

तिसऱ्या दिवशी पेटी रिकामी व्हायची. बाबा पिशवी घेऊन जायचा. कुठेतरी पुरतो किंवा समुद्रात टाकतो, असं तिने धरलं होतं. विचारलं कधीच नव्हतं, कारण त्या वस्तूबद्दल तिला एक शब्दही जास्त ऐकायचा नव्हता. संध्याकाळी सात ते नऊ ती दुसऱ्या बोटीच्या लोकांना सूर्यास्त दाखवायला किल्ल्यावर असायची. परत येईपर्यंत बाबाचं जेवण झालेलं असायचं. काय खाल्लंस, विचारलं की तो म्हणायचा, ऑक्टोपस. उपासाचे दिवस, बेटावर निम्मी घरं ऑक्टोपसच खात होती. त्यात विचारण्यासारखं काय होतं? त्याच्या पँटच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पडली होती. तो रात्री उठून परसात जायचा आणि बराच वेळ यायचा नाही. म्हातारपण, तिला वाटलं होतं.

घराचं दार उघडंच होतं. वास अंगणातच लागला: व्हिनेगर, तमालपत्र आणि त्या दोन्हींखाली तेच. लिनार्दोस ओट्याशी उभा राहून पातेल्यात चमच्याने ढवळत होता. पाणी जांभळं झालं होतं. सुटी पडलेली ती एक भुजा वर येऊन फिरत होती.

"लवकर आलीस," तो म्हणाला.

तिने पातेलं उचललं. त्याच्या कानांनी बोटं भाजली, तरी सोडलं नाही. परसात जाऊन ते तिने भिंतीपलीकडे उपडं केलं. मग तिथेच गुडघ्यावर बसून ती पुन्हा ओकली. या वेळी हरभरे पडले.

तो दारात आला. ओरडला नाही. भिंतीपलीकडे वाकून त्याने बघितलं आणि म्हणाला, "आपटलेला टाकायचा नसतो."

"बाबा, तो विषारी झालाय. मरशील तू."

"मऊ करायचा तो खाण्यासाठी. नाहीतर चाळीस वेळा मारायचं कशाला? मस्ती म्हणून?" त्याचा श्वास जोरात चालला होता. "माझ्या बापाचा एकदा आपटून झाल्यावर एक घसरून पाण्यात गेला. तर कपड्यांनिशी उडी मारून काढून आणला होता त्याने. मारलंस ना, मग खा, म्हणायचा."

"तू मारलेला नाहीये तो. मोरोक्कोत मेलाय कधीच."

"फटके कुणी दिले? मोरोक्कोने?"

तिने मनगटाने तोंड पुसलं.

"रोज तीनदा चाळीस. तीन दिवस," तो म्हणाला. "एवढे फटके तर जिवंत असताना सुद्धा कुणी देत नाही. ते लोक त्याला डोक्यावर घालून नाचतात. आणि मग मी पण टाकून द्यायचा?"

"मग सोड ना हे काम. आजच सोड. माझ्या पगारात भागेल आपलं."

लिनार्दोस ओट्यापाशी गेला आणि त्याने शेगडी बंद केली. नऊ वर्षांपूर्वी मासेमारी कमी करायच्या सरकारी योजनेत पैसे घेऊन त्याने परवाना परत केला होता. अट एकच होती, होडी मोडायची. धक्क्यावर यंत्र आणलं होतं त्यासाठी. यंत्राचा पंजा होडीच्या पोटात शिरला तेव्हा बाकीचे मच्छीमार तोंड फिरवून उभे होते. तो बघत राहिला होता, शेवटची फळी मोडेपर्यंत. तेव्हापासून कुणाच्या होडीवर तो पाहुणा म्हणूनही चढला नव्हता.

"सोडून बसू कुठे?" तो म्हणाला. "मारुसोच्या खुर्चीवर? त्या खडकावर निदान पाय तरी ओले होतात माझे."

सेवास्ती नळाखाली तोंड धूत होती. धुऊन झालं तरी तिने नळ लगेच बंद केला नाही. टाक्यातलं पाणी ऑगस्टात असं वाहू देत नाहीत. त्याने ते वाहू दिलं.

मग ती गेली. कचेरी बंद व्हायला दहा मिनिटं होती. पेरिक्लीस किल्ल्या खिशात टाकत होता. तिच्याकडे बघून तो काही विचारणार होता, पण त्याने नुसतं खोकं पुढे सरकवलं. चढण चढताना खोकं तिच्या पोटावर आपटत होतं. नव्या रबराचा वास उन्हाने वाढला होता. दुकानातल्या चपलांसारखा. तिने घरी येऊन ते टेबलावर ठेवलं आणि बापाकडे न बघता म्हणाली, "उद्यापासून हा."

लिनार्दोसने वेष्टन काढलं. ऑक्टोपस हातात घेऊन तोलला, उलटा केला. एका भुजेवरून अंगठा फिरवत शेवटपर्यंत नेला. वाट्या मोजत असावा. सेवास्तीने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. तो आता हा खिडकीतून फेकेल, मग दोघांचं कडाक्याचं भांडण होईल, भांडणात तो काम सोडतो म्हणेल. आणि हे सगळं व्हावं असं तिला एकाएकी फार वाटलं.

"हा कधीच जिवंत नव्हता ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"कशाचा तरी केलेला असेल. चामड्याबिमड्याचा?"

"नाही बाबा. पेट्रोलपासून करतात."

"बरं," तो म्हणाला आणि ऑक्टोपस खोक्यात नीट ठेवून त्याने भुजा आत दुमडल्या.

चौदा तारखेची बोट वीस मिनिटं उशिरा आली. वारा होता, माणसं पिवळी पडून उतरली. मग मिठ्या, ओरडे, बोचकी, कुत्री. पर्यटकांना एकत्र करायला सेवास्तीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. ती त्यांना घेऊन खडकाशी पोहोचली तेव्हा बेटाची माणसंही मागून येत होती, सामानासकट. दहा-पंधरा असतील असं तिला वाटलं होतं. ती चाळीस-पन्नास होती. पुढे पांढऱ्या मिशांचा इसिदोरोस होता, एका हातात काठी आणि दुसऱ्यात नातीचं बोट.

"या बेटावर माती कमी," सेवास्तीने सुरुवात केली, "पाणी त्याहून कमी."

लिनार्दोसने हात उंचावला. रबर खडकावर बसलं आणि उसळून परत त्याच्या खांद्याशी आलं. दुसऱ्या फटक्याला त्याने जोर कमी केला. तिसऱ्याला त्याला अंदाज आला. तो मनगट वळवून ते खाली दाबून धरू लागला. फेस आला नाही. काही उडालं नाही. पर्यटक पुढे सरकले, कुणी नाक धरलं नाही. फोन वर गेले.

"लिनार्दो!" मागून इसिदोरोस गरजला. "कुठल्या कारखान्यात जाळं टाकलंस रे?"

आपली सगळी माणसं हसली. पर्यटकांना काही कळलं नाही, तेही हसले. सेवास्तीचे कान तापले. तिने पत्रकाची घडी घातली, पुन्हा घातली.

"तुझ्यापेक्षा ताजा आहे!" लिनार्दोस ओरडला. "तुला आपटून बघू का? चाळीसने काय होणार तुझं, साठ लागतील!"

हशा पिकला. इसिदोरोस काठी टेकत खडकावर उतरला, त्याने रबरी ऑक्टोपस हातात घेतला, दोन बोटांनी दाबला. मग त्याने जुन्या सोबत्याच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. लिनार्दोसने नजर काढून घेतली नाही. इसिदोरोसने ऑक्टोपस परत दिला आणि नातीला म्हणाला, "चल, घर दाखवतो तुला." जाताना त्याने सेवास्तीला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

"पाचवं स्थळ आहे," तिच्या तोंडून निघालं. त्याने मान हलवली, की नुसती खाली घातली, ते तिला कळलं नाही.

दीड वाजता दोघं जेवायला बसली. तिने मसुराची आमटी केली होती, उपासाची, तेल बेताचं. लिनार्दोसने पहिली थाळी न बोलता संपवली. दुसरी वाढून घेतली. पावाच्या कडेने थाळी पुसली, बोटं चाटली आणि हात पुढे करून जैतुनाची वाटी ओढली.

"इसिदोरोस म्हातारा झाला," तो म्हणाला. "उद्या बोलावू त्याला. मारुसोकडे बोकडाची तंगडी सांगून ठेव, आत्ताच सांग. नंतर उरत नाही. भूक लागलीय गं मला."

"सांगते," ती म्हणाली.

तिने चमचा उचलला. खोकं उघडून, रबर भिजवून, आठही भुजा पुसून, सुकवून परत भरायचं काम आता तिच्याकडे होतं. हाताला रबराचा वास होता. तिने चमचा खाली ठेवला, उठून हात साबणाने धुतले, परत येऊन बसली, चमचा तोंडापर्यंत नेला आणि पुन्हा उठली.

"थंड होतेय," लिनार्दोस म्हणाला आणि तिची थाळी आपल्याकडे सरकवून घेतली.